स्वॅप भरत आला आणि गाणं तोडायचं नव्हतं

कॉम्प्युटर अडकायच्या आधी खरखरतो. नवे खरखरत नाहीत, त्यांच्यात फिरणारी डिस्कच नसते. पण माझ्या वाट्याला येतात ती सगळी जुनी धुडं, आणि ती बोलतात. दारातून आत पाय टाकला की मला कळतं, याची रॅम भरलीय आणि हा आता मागच्या जागेत उपसाउपशी करतोय. मी डब्याला कान लावून बसतो. लोक हसतात. हसू देत.

माझी शाळा सातवी, तीही धड नाही. पंपांच्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचो. एका ऑफिसात वायर ओढायला गेलो तिथं काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं पळताना पाहिली. ते युनिक्स. माणसानं दोन-चार अक्षरं टाकायची, यंत्रानं तेवढंच उत्तर द्यायचं, उगाच गोड बोलणं नाही. मला वाटलं, हे आपल्यासारखंच तोडून बोलतं! तिथंच चिकटलो. इंग्रजी पेपर मला आजही वाचता येत नाही, पण कमांड येतात. नाशकात कुणाचं मशिन म्हातारं झालं, भंगारात द्यायचं जिवावर आलं, की मला बोलावतात. मी त्याच्यावर लिनक्स टाकतो, ते युनिक्सच्याच घराण्यातलं, आणि मशिन पुन्हा चालायला लागतं. मला सगळे मिस्त्री म्हणतात. इंजिनीअर म्हटलेलं मला चालणारही नाही, कारण मी तो नाही.

आता रॅम आणि स्वॅप म्हणजे काय ते एकदाच सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

आमचं इंदिरानगरचं घर दोन खोल्यांचं. स्वयंपाकाचा ओटा एवढासा. ओटा म्हणजे रॅम. आत्ता हाताशी लागतं ते ओट्यावर. पाहुणे आले, भांडी वाढली, की मंदा आत्ता न लागणारी पातेली पलंगाखाली सरकवायची. ती पलंगाखालची जागा म्हणजे स्वॅप. असते डिस्कवर, पण ओटा पुरला नाही तर म्हणून राखून ठेवलेली. काम चालतं, फक्त दर वेळी वाकावं लागतं, म्हणून सावकाश चालतं. पाहुणे फारच झाले तर बाई नुसती वाकते आणि उठते, पोळी एकही होत नाही. यंत्र खरखरतं ते तेव्हा. आणि ओटाही भरला, पलंगाखालीही मुंगीला जागा नाही, असं झालं तर? मंदा माझ्यावर ओरडायची. यंत्र ओरडत नाही. ते जागा अडवून बसलेला एखादा मोठा प्रोग्राम बघतं आणि त्याला मारून टाकतं. विचारत नाही, त्याचं काम जपून ठेवत नाही. यंत्राचं तरी काय चुकलं? एकाला मारलं नाही तर सगळंच बसेल.

मंदा म्हणजे माझी बायको. गेली. अजून वर्ष भरलेलं नाही. मला आडून सांगता येत नाही म्हणून सरळ लिहिलं.

लोक विचारतात, मिस्त्री, स्वॅप ठेवायचा तरी किती? याला एक उत्तर नाही. आमच्या भागातल्या बंटीशेठचं बघा. त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर मधे एक नेता आणि भोवती शुभेच्छुक, डाळिंबात दाणे भरावेत तसे. एक दिवस फोन आला, "मिस्त्री, एक चेहरा वाढवला की मशिन बंद पडतंय." जाऊन बघितलं. प्रत्येकाचा मोठाच्या मोठा फोटो आणून टिकलीएवढा करून चिकटवलेला. दिसायला टिकली, वजन हत्तीचं. मी म्हटलं, "थोडे चेहरे काढ."

"कुणाचा काढू? तुम्ही सांगा. आणि त्याच्या घरी जाऊनही तुम्हीच सांगा."

मी स्वॅप वाढवून दिला. आता चेहरा चिकटवला की मशिन चिंतनात जातं, बंटीशेठ चहा पिऊन येतो, तोवर चेहरा बसलेला असतो. तो खूश आहे. मला ते काम आवडलं नाही. स्वॅप फार वाढवला की यंत्र मरत नाही, पण जगतही नाही, नुसतं कण्हत राहतं.

उलट देवळाली कॅम्पातले एक निवृत्त हवालदारसाहेब. त्यांचं फॉर्म भरून देण्याचं दुकान. त्यांनी स्वॅप मुळातून काढून टाकला होता. "पीछे जगह रखी तो जवान पीछे देखता है," म्हणाले. मशिन त्यांचं कधी सुस्त व्हायचंच नाही. थेट गोळी! गिऱ्हाइकाचा फॉर्म अर्धा भरलाय आणि खिडकी गायब. मी विचारलं, "साहेब, लढाईला राखीव तुकडी ठेवत होता की नाही?" साहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "डाल दो," म्हणाले, "लेकिन छोटा."

छोटा टाकला. ते बरोबर होतं.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते. नुसतं आठवलं तरी मला खुर्चीवर नीट बसवत नाही.

सुरगाण्याच्या बाजूला डोंगरात एक छोटं रेडिओ केंद्र आहे. गावचीच माणसं चालवतात, आसपासच्या पाड्यांवर ऐकू जातं. तिथलं सगळं ललिताताई बघते. तिथल्याच डोंगरातली मुलगी, शिकून परत आली आणि तिथंच राहिली. भात लावताना, नाचणी खुरपताना लोकांच्या कमरेला खोचलेल्या रेडिओत तिचा आवाज असतो. त्यांच्याकडची मशिनंही माझ्या वाट्याला येतात तसलीच, जुनी. या पावसाळ्यात तिचा फोन आला, "काका, रेकॉर्डिंगचं मशिन फार झोपाळू झालंय. येता का?" घरात मी एकटा भिंतींशी भांडत बसलेलो. म्हटलं, येतो. पहिल्या एसटीनं निघालो.

पोचलो तर स्टुडिओत एक म्हातारा बसलेला, पुढ्यात काशाची थाळी. थाळीच्या मधोमध मेणानं एक काडी उभी चिकटवलेली. काडीवरून वरून खाली बोटं ओढली की थाळीतून गुंजन निघतं, एकसारखं, पोटात उतरणारं. शेजारी त्याची बायको, ओळ झेलून पुढं नेणारी. तो सोनूबाबा, ती जाईबाई.

ललितानं बाजूला घेऊन सांगितलं. बाबाच्या घशात गाठ आहे. पुढच्या आठवड्यात नाशकात ऑपरेशन. डॉक्टर म्हणालेत, गाठ निघेल, आवाजाचं काही सांगता येत नाही. हे मोठं गाणं अख्खं येणारा त्या बाजूला तोच उरलाय. गाणं रात्रीचं असतं, पण घसा सकाळी जरा मोकळा असतो म्हणून बाबा दिवसा म्हणायला तयार झाला. एकदाच. आणि ते रेडिओवर थेट जाणार होतं.

"मग मशिन उद्या बघतो," मी म्हटलं. "आज तुमचं चालू द्या."

तेवढ्यात काचेपलीकडून बाबानं विचारलं, "कुणाच्या नावानं म्हणू?"

त्यांच्याकडे हे गाणं असंच कुणी म्हणत नाही. माणूस गेलं की वर्षाच्या आत त्याच्या नावानं म्हणायचं. गेलेलं माणूस कोणत्या डोंगरावरून चाललं, कोणत्या झाडाखाली बसलं, कोणत्या झऱ्याचं पाणी प्यालं, नदी कशी ओलांडली, असं एकेक मुक्काम घेत गाणं त्याला पार पोचवतं.

ललिता म्हणाली, "बाबा, आज रेडिओच्या नावानं म्हणा."

"का? रेडिओ मेला का?"

"तसं नाही..."

"मग जित्याच्या नावानं कसा म्हणू? येडी का खुळी तू?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. यंदा त्यांच्यापैकी कुणाच्या घरचं कुणी गेलेलं नव्हतं, देवाची कृपा. मी दाराशी उभा होतो. म्हटलं, "मंदाकिनी. माझी बायको."

बाबानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तू कोण?"

"मशिनवाला."

"चालंल. पण ऐक, मशिनवाल्या. एकदा सुरू झालं की तोडायचं नाय. जिथं तुटतं तिथं माणूस थांबतं. मंग त्याला ना पुढं जाता येत ना मागं. आन पुन्यांदा पहिल्यापासून म्हणायला माझा गळा नाय आता."

मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. मंदा सगळं मानायची, मी तिला चिडवायचो. पण बाबानं काडीवरून बोटं ओढली, पहिल्याच ओळीत तिचं नाव घेतलं, आणि जाईबाईनं ते झेलून परत म्हटलं. मंदाकिनी. इतके महिने ते नाव दुसऱ्या कुणाच्या तोंडून मी ऐकलंच नव्हतं. लोक माझ्यासमोर ते घ्यायचं टाळतात ना.

मी काचेच्या अलीकडे मशिनपाशी जाऊन बसलो. म्हटलं, बसल्या बसल्या ऐकू.

आणि गाणं बरंच पुढं गेल्यावर डबा खरखरायला लागला.

आधी अगदी बारीक, उंदीर कुरतडावा तसा. मी कमांड टाकली. रॅम भरलेली! स्वॅपमध्ये सामान जायला सुरुवात झालेली! अरे, पण गाणं टिपायला एवढी रॅम कशाला लागते? शोधलं आणि घाम फुटला. गाणं टिपणारा प्रोग्राम चालू रेकॉर्डिंग तात्पुरत्या कप्प्यात ठेवतो, थांबवलं की मग आपण ते पक्कं जतन करायचं. आणि या मशिनवर तो तात्पुरता कप्पा डिस्कवर नव्हता, रॅममध्येच होता. अशी सोय असते, बारीकसारीक कामं पटापट होतात म्हणून. एरवी काही बिघडत नाही. बातम्या असतात, दोन मिनिटांच्या मुलाखती असतात, लोक थांबवतात, जतन करतात, कप्पा रिकामा होतो. पण आज कुणी थांबवणारच नव्हतं! सगळं गाणं ओट्यावर रचत चाललेलं, आणि ओटा भरला म्हणून पलंगाखाली.

ललिताला खूण केली. ती आली. हळू आवाजात सांगितलं.

"मधेच थांबवून जतन करता येईल?" तिनं विचारलं आणि स्वतःच मान हलवली. बाबा डोळे मिटून म्हणत होता. त्याला थांबवणं तर दूरच. आणि त्याला न सांगता नुसतं रेकॉर्डिंग थांबवून परत लावलं तर मधली ओळ गेलीच. मधली ओळ म्हणजे मधला डोंगर. तिनं स्पीकरपाशी मोबाइल लावून ठेवला, पण झालेलं गाणं यंत्राच्या पोटात होतं, ते मोबाइलला कुठून मिळणार?

"अजून किती आहे?" मी विचारलं.

ती कान देऊन ऐकत राहिली. तिचा आजा हे म्हणायचा, तिला वाट माहीत होती. म्हणाली, "काकू आत्ता उंबराच्या झऱ्याशी आल्यात. अजून मोठी चढण आहे, मग पठार, मग नदी."

म्हणजे अर्धीअधिक वाट झाली होती, पण बाकी होती तीही थोडी नव्हती. आणि स्वॅप तर निम्मा भरलेला!

आता माझ्या अंगात कुठून आलं कुणास ठाऊक. गुडघे दुखतात, डोळ्यांत मोतीबिंदू, पण बोटं अशी चालायला लागली म्हणता! पहिलं काम, गाणं टिपणाऱ्या प्रोग्रामवर खूण केली. लिनक्समध्ये यंत्राला सांगता येतं, कुणालाही मार, याला हात लावू नकोस. दुसरं, उघड्या खिडक्या. त्या मशिनवर प्रत्येकानं आपापलं काम उघडंच ठेवलेलं. मी एकेकीवर बोट ठेवत गेलो, ललिता मान हलवत गेली, मी बंद करत गेलो. थोडी जागा झाली. तिसरं, त्या तात्पुरत्या कप्प्याला ठरलेली हद्द असते, ती वाढवली. एका ओळीचं काम. पण हद्द कागदावर वाढली म्हणून जागा येते कुठून? ओटा तेवढाच. पलंग तेवढाच.

"पठाराला लागल्या," ललिता म्हणाली.

दुसरा पलंगच आणायला पाहिजे होता. चालू मशिनवर नवा स्वॅप जोडता येतो, यंत्र बंद करावं लागत नाही. ही युनिक्सवाल्यांची करामत, मी आजही टोपी काढतो. डिस्कवर एक मोठी फाईल करायची आणि यंत्राला सांगायचं, ही घे, आजपासून ही पण तुझी मागची जागा. पण फाईल पोकळ चालत नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्यांनी खरोखर भरावी लागते. आणि डिस्कवर जागा बघितली तर नाहीच! कचरापेटी गच्च. कुणी कधी रिकामीच केली नव्हती.

"उडवतो कचरा," मी म्हटलं.

"थांबा काका! त्यात काय आहे ते बघू तरी."

"तुम्हीच टाकलंय ना?"

"टाकलंय म्हणजे नको असं नाही. टाकलंय म्हणजे समोर नको."

हे त्या बाजूच्या घरांतलं मी बघितलेलं आहे. मोडकं सूप असो, फुटकं मडकं असो, घराच्या मागं ठेवतात, फेकत नाहीत. कधीतरी लागतं. कॉम्प्युटरलाही तोच नियम! तिनं भराभर नजर फिरवली. खोकल्यानं बिघडलेली गाणी. अर्धवट मुलाखती. सरपंचांचं भाषण. सरपंचांचं तेच भाषण पुन्हा.

"हे दोनदा कशाला?"

"ते येतात ना अधूनमधून ऐकायला. स्वतःचंच."

"ललिता, मंदा कुठं पोचली?"

तिनं ऐकलं. तिचा चेहरा बदलला. "पठार संपत आलं. नदी दिसायला लागली."

"आणि मी सरपंचांची चौकशी करत बसू?"

"उडवा," ती म्हणाली. "सगळं उडवा."

सरपंच गेले. जागा झाली. मी शून्यं भरायला लावली आणि खरी परीक्षा तिथं आली. एकच म्हातारी डिस्क. तीच स्वॅपसाठी पळतेय, तीच शून्यं भरतेय. खरखर अशी वाढली की मला वाटलं काचेपलीकडे बाबाला ऐकू जाणार. मी अंगातला स्वेटर काढून डब्याभोवती गुंडाळला. हवा जायला फट ठेवली, पण खरं तर यंत्राला गुदमरवणं हे, मी दुसऱ्या कुणाला करताना बघितलं असतं तर कानाखाली दिली असती. एका खिडकीत स्वॅप भरताना दिसत होता, दुसरीत फाईल वाढताना. दोघांची शर्यत. बाबाचा आवाज चिरकायला लागलेला. तो ओळ अर्धी सोडायचा आणि जाईबाई ती उचलून पुरी करायची, जणू मुळात तशीच रचलेली असावी. ती बाई नसती तर गाणं माझ्या मशिनच्या आधीच बसलं असतं.

स्वॅप काठाला आला. मशिननं ललिताचं उघडं राहिलेलं कार्यक्रमांचं वेळापत्रक मारलं. माझ्या डोळ्यांदेखत खिडकी विझली. ललितानं तोंडावर हात दाबला. पण गाणं टिपणाऱ्याला हात लावला नाही! खूण पाळली!

फाईल पुरी झाली. दोन कमांड. एक, ही स्वॅप आहे म्हणून शिक्का. दुसरी, वापरायला घे. एंटर दाबला आणि आकडा बघितला. मागची जागा एकदम रुंद झाली. खरखर थांबली नाही, पण तिचा सूर बदलला. बुडणारा माणूस हातपाय मारतो आणि पोहणारा मारतो यात फरक असतो की नाही? तसा.

मी ललिताच्या पाठीत धपाटा घातला. एरवी कुणाच्या लेकीला असा कधी घातला नसता. ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आम्ही दोघंही आवाज न करता नाचत होतो म्हटलं तरी चालेल.

काचेपलीकडे बाबा नदीत उतरला होता. नदीचं फार मोठं असतं त्या गाण्यात. पाणी घोट्याला, पाणी गुडघ्याला, पाणी कमरेला. मी आता फक्त ऐकत होतो. मंदाला पाण्याची भीती. रामकुंडावरसुद्धा पायरीवर बसून तांब्यानं पाणी घ्यायची. मी मनात म्हणत होतो, अगं घाबरू नकोस, जाईबाईचा हात धर.

पलीकडे पोचली. बाबानं थाळीवर हात ठेवला. गुंजन थांबलं. मी रेकॉर्डिंग थांबवलं.

इथं गोष्ट संपायला हवी होती ना? आता जतन करायला गेलो तर जागा कुठाय! रिकामी केलेली जागा मीच स्वॅपला देऊन बसलो होतो. आणि तो स्वॅप परत घेता येत नाही, कारण अर्धं गाणं त्याच्यातच झोपलेलं. मग माझा पेनड्राइव्ह लावला, म्हटलं मोठं यात मावणार नाही, आधी गाणं दाबून बारीक करून घेऊ, आवाज जरा उतरतो पण ओळ जात नाही, नंतर मोठं बघू. लावलं. टक्के सरकायला लागले, मुंगीच्या पायानं.

आणि वीज गेली.

पावसाळ्यात तिकडे ती जातेच. इन्व्हर्टरनं भार घेतला आणि लगेच टूंटूं सुरू केलं. बॅटरी म्हातारी. आता सांगतो, रॅममध्ये असतं ते वीज आहे तोवर. वीज गेली की ओटा धुऊन स्वच्छ. स्वॅपमधलं डिस्कवर राहतं खरं, पण त्याचा अर्थ लावणारी किल्ली रॅममध्ये असते, त्यामुळे तेही गेल्यातच जमा. म्हणजे मंदा नदीच्या पलीकडे पोचलेली, आणि तिच्या मागची सगळी वाट पुसली जाणार.

"पंखा बंद," मी म्हटलं. "दिवे बंद. अजून काय चालू आहे?"

"ट्रान्समीटर." ललिता थबकली. तो बंद म्हणजे केंद्र बंद. पाड्यापाड्यांवर लोक रेडिओ कानाला लावून बसलेले.

"काका, आजवर मी कार्यक्रमाच्या वेळात कधी बंद केलेलं नाही."

ते तिनंच ठरवायचं होतं.

तिनं माईक ओढला. "मंडळी, गाणं पुरं झालं. तुम्ही ऐकलंत. आता जरा शांत राहू." आणि खटका दाबला. टूंटूं थांबलं नाही, पण लांबलं.

स्टुडिओला खिडक्या नाहीत. भर दिवसा अंधार. पडद्याचा तेवढा उजेड आणि चौघांचे चेहरे त्याच्याभोवती. बाबा बाहेर येऊन माझ्या मागं उभा. बसक्या आवाजात म्हणाला, "काय करतंय ते?"

"गाणं उतरवून घेतंय."

"मी तर कवाच म्हटला. ते अजून उतरतंय व्हय? लय मठ्ठ."

"मठ्ठ नाही, बाबा. म्हातारं आहे."

"हां," म्हणाला. "मंग असू दे."

शेवटचे टक्के मी पडद्याकडे बघितलेच नाहीत. कान डब्याला लावून बसलो. खरखर, खरखर, मग एक लांब श्वास, मग शांत. ललितानं ओरडून सांगितलं, "झालं!" पेनड्राइव्ह नीट सोडवून घेतला, मुठीत धरला, आणि थोड्याच वेळात इन्व्हर्टरनं मान टाकली. मोठं गाणं गेलं. बारीक केलेलं राहिलं. पण सगळं राहिलं, पहिल्या नावापासून नदीच्या काठापर्यंत. मोठं हातचं गेलं याची चुटपुट मला आहे.

बाबाचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, आवाज नाही परतला. बोलतो, पण फुटक्या भोपळ्यासारखा. आता त्या बाजूला कुणी गेलं की ललिता ते गाणं लावते. बाबा शेजारी बसतो, मंदाच्या नावाच्या जागी थाळीवर हात आपटतो आणि गेलेल्या माणसाचं नाव जाईबाई घेते. असं चालतं का, मी विचारलं. बाबा म्हणाला, "वाट तीच हाय. चालणारं बदलतं."

पण मला सांगायचंय ते त्या दिवशीचंच. वीज नव्हती, दार उघडलं, बाहेर ऊन पडलेलं. आम्ही ओसरीवर येऊन बसलो. ललिता जेवणाचं बघायला उठली तर बाबा म्हणाला, "बस. पयला घास तुझा नाय. ज्याच्या घरचं माणूस पोचवलं त्यानं द्यायचा. आपल्या घरचा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. घरचं म्हणजे? मी पिशवीतून डबा काढला. मंदा गेल्यापासून मीच करतो. ज्वारीची भाकरी, कडा फाटलेल्या, आणि वांग्याची भाजी. मी कुणाला दाखवत नाही. डबा असला तरी कोपऱ्यात तोंड करून खातो.

बाबानं तोंड पुढं केलं. मी घास मोडून दिला. बाबानं चावला. बराच वेळ चावला. जाईबाईकडे बघितलं.

"मीठ नाय," म्हणाला.

"विसरतो मी," मी म्हटलं. "रोजच विसरतो. ती सांगायची."

जाईबाईनं उठून आतून मिठाचा खडा आणला, माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाली, "उद्यापासून आधी मीठ काढून ठेवा, भाऊ. मंग चूल पेटवा."

मग आम्ही चौघांनी तो डबा खाल्ला. फार वाईट भाजी होती. सगळी संपली.